‘भारत इंग्रजांनी घडवला’ या मजकुराला नागपुरातून उत्तर

‘इंग्रज आले नसते तर भारत नावाचा देशच नसता’ अशा आशयाचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या अशा सगळ्या ग्रुपवर तो येऊन गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजांआधी इथे शेकडो राज्यं एकमेकांशी लढत होती, देश असा नव्हताच. नागपूर-विदर्भासारखे भाग तर नुसतं जंगल होते. रेल्वे, गिरण्या, कायदा ही इंग्रजांची देणगी. पाचशेहून जास्त संस्थानं त्यांनीच एका धाग्यात ओवली. आणि स्वातंत्र्य हे महायुद्धाने थकलेल्या इंग्लंडने आपणहून दिलं, लोकांच्या चळवळीचा त्यात फारसा हात नाही. पुढे देश टिकला तोही इंग्रजांनी घातलेल्या पायावर.

मजकूर सफाईने लिहिलेला आहे, त्यामुळे चांगली शिकलेली माणसंही ‘विचार करण्यासारखं आहे’ म्हणून तो पुढे ढकलतात. म्हणून मुद्द्यामागून मुद्दा घेऊन उत्तर देतोय. दाखले शक्यतो नागपूर आणि आसपासच्या दीडशे किलोमीटरमधलेच घेतो. दिल्ली-पाटलीपुत्राचे दाखले सगळ्यांना पाठ असतात, आणि या मजकुराने जंगल ठरवलेला मुलूख नेमका हाच आहे.

‘विदर्भ म्हणजे नुसतं जंगल होतं’

काटोल रोडने जुनापाणीला जाऊन बघा. माळावर काळ्या दगडांची वर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास. वर्तुळातल्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, एकाखाली एक, ओळ धरून. ही लोहयुगातल्या माणसांची दफनस्थळं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. पारशिवनीजवळ नैकुंडला त्याच काळातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात मिळाली. माहुरझरीला रंगीत दगडांचे मणी घडवले जात, आणि तिथल्या दफनांत घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे साज निघाले. लोखंड गाळणाऱ्या, मणी विकणाऱ्या, घोडे सजवणाऱ्या माणसांच्या मुलखाला ‘नुसतं जंगल’ कसं म्हणणार? जंगल होतंच, आजही आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या जंगलातून वाटा जात होत्या.

त्या वाटांनी काय आलं, ते पवनीला दिसतं. वैनगंगेच्या काठच्या या गावी १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने खोदकाम केलं, तेव्हा मोठे बौद्ध स्तूप उघडे पडले. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी अक्षरांत दगडावर आहेत. नागभीडजवळच्या देवटेकला मौर्यकाळातला शिलालेख मिळाला. प्राणी पकडायला आणि मारायला त्यात मनाई केली आहे. अशोकाच्या धर्माज्ञांच्या वळणाचा हुकूम झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका गावी दगडावर कोरला जात होता, तोही इसवी सनापूर्वी.

मग प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी इकडे विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांकडे दिली. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर वारला, मुलगा लहान, म्हणून राज्याचा कारभार तिने हाती घेतला. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. तिच्या ताम्रपटात वंशावळ येते ती माहेरची, गुप्तांची; गोत्रही ती माहेरचंच सांगते. लग्न होऊन परक्या मुलखात आलेल्या बाईने सोळाशे वर्षांपूर्वी राजपत्रावर असं लिहून ठेवावं, हे मला प्रत्येक वेळी विलक्षण वाटतं. नगरधनला अलीकडे झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, तिच्यावर शंखही आहे. मगधातून निघालेल्या घराण्याचं आणि विदर्भातल्या घराण्याचं नातं एका छोट्या मुद्रेत आपल्या हाताशी आलं. अभ्यासकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. नागपूरकरांसाठी तर ती सुटीच्या दिवशी जाऊन येण्याच्या अंतरावरची जागा आहे.

आणि शहराचं म्हणाल तर नागपूर बसवलं देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदने, १७०२ च्या सुमारास, लहान लहान वस्त्या एकत्र करून. त्याच्या मुलाने, चांद सुलतानने, तट बांधला आणि जुम्मा तलाव केला, जो आज गांधीसागर. पुढे रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी केली. इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, नागपूरच्या दरबारात यायच्या आधी शहर जवळपास शंभर वर्षांचं झालं होतं.

रुक्मिणी आणि दमयंतीच्या कथा मी इथे मुद्दाम आणत नाही. त्या आपल्याला प्रिय आहेत, पण वादात पुरावा म्हणून त्या ठेवल्या की समोरच्याला पळवाट मिळते. दगड, तांबं आणि माती पुरेशी आहे.

‘शेकडो राज्यं एकमेकांशी लढत होती, देश नव्हताच’

हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. एक राजा, एक कायदा, एक नाणं असलेलं राज्य या सगळ्या भूभागावर सलग कधीच नव्हतं. ‘पाच हजार वर्षांचं अखंड राष्ट्र’ सांगणारे मजकूरही याच ग्रुपवर येतात, तेही इतिहासाला धरून नाहीत.

पण हीच फूटपट्टी युरोपला लावून बघा. बख्त बुलंद नागपूर बसवत होता तेव्हा इंग्लंड आणि स्कॉटलंड हे एक राज्य नव्हते; त्यांचं एकत्रीकरण १७०७ चं. इटलीचं राज्य १८६१ ला झालं, ज्या वर्षी इंग्रजांनी नागपूर राजधानी धरून मध्य प्रांत काढला. जर्मनी १८७१ ला एक झाला, नागपूरला रेल्वे आल्यावर चार वर्षांनी. इटली कुणी बाहेरच्याने घडवली असं कुणी म्हणत नाही. तिथे भाषा, स्मृती, जाणं-येणं मोजतात. आपल्याकडे मात्र फक्त राजे मोजायचे, हा कुठला न्याय?

जाणं-येणं मोजू या. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष रामगिरीवर बसून ढगाला वाट सांगतो. म. म. वा. वि. मिराशींसह अनेक अभ्यासक रामगिरी म्हणजे रामटेक मानतात. वाट आहे विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, कनखल आणि पुढे कैलास. गावांची, नद्यांची नावं ओळीने येतात, कुठे थांब, कुठे वळ हेही येतं. ज्याला हा सगळा मुलूख आपला वाटत नाही, त्याच्या वाचकांना तो आपला वाटत नाही, अशा कवीला ही वाट सुचली नसती.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गुजरातेतून आले, मराठीत बोलले आणि अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला मराठी गद्याची पहिली मोठी पिढी तयार झाली. त्यांचा महानुभाव पंथ पुढे पंजाब आणि पार काबूलपर्यंत पोचला, मराठी पोथ्या बरोबर घेऊन. नामदेव पंजाबातल्या घुमानला राहिले, त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. यातल्या कुणालाही सम्राटाचा परवाना लागला नव्हता.

आता लढायांचं. मजकुरात विचारलंय, नागपूरच्या भोसल्यांनीच बंगाल लुटला, मग कसला देश? लुटला, हे खरं आहे. १७४१ पासून दहा वर्षं भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होत राहिल्या, आणि ‘बर्गी’ (मराठा घोडेस्वार) म्हणून ती दहशत बंगाली अंगाईत अजून शिल्लक आहे. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण त्याच भोसल्यांकडे १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशा होता, आणि जगन्नाथपुरीच्या देवळाला, यात्रेकरूंना त्या काळात आश्रय मिळाला. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा राहिला तो मराठ्यांच्याच अमलात. ज्या मुलखावर चौथाई लादली त्याच मुलखातल्या देवापुढे राजे हात जोडत होते. दोन्ही खरं आहे. माणसं लढत होती म्हणून त्यांच्यात नातं नव्हतं, असं होत नाही.

‘रेल्वे, गिरण्या, कायदा ही इंग्रजांची देणगी’

देणगी म्हणजे देणाऱ्याच्या खिशातून गेलेलं. रेल्वे कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला की फरक भारताच्या महसुलातून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून भरला जायचा. नागपूरला गाडी १८६७ ला आली, ती का आली हे समजायला रिव्हेट-कार्नॅक हा माणूस बघावा लागतो.

हा इंग्रज अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा सगळी नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर आली. कार्नॅकने अहवालात स्वच्छ लिहिलंय: रेल्वेचा फाटा इकडे आला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, इथे सुतात जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातणारे-विणणारे लोक शेतमजुरीला मिळतील. हे कुणा टीकाकाराचं म्हणणं नाही, योजना राबवणाऱ्याचं आहे. नागपूर, उमरेड, पवनीचे कोष्टी रेशमी काठाचं कापड विणायचे. त्यांचं काय होणार, हे आधीच ठरलेलं होतं.

आणि गंमत नव्हे, दुःखाची बाब अशी की जुनापाणीची दगडी वर्तुळं पहिल्यांदा उकरणारा माणूसही हाच. दफनातल्या लोखंडी वस्तूंची नोंद त्याने मन लावून केली. ज्या हाताने इथल्या जुन्या कारागिरांची दखल घेतली त्याच हाताने हयात कारागिरांचा धंदा बुडवायचा आराखडा लिहिला.

रेल्वेने दुष्काळ संपले, असंही मजकूर म्हणतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भयंकर दुष्काळ नागपूरला रेल्वे येऊन तीस वर्षं झाल्यावरचे आहेत. १८९१ ते १९०१ या दशकात मध्य प्रांताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. रूळ होते, गाड्या होत्या. धान्य विकत घ्यायला माणसांच्या हातात पैसा नव्हता.

गिरण्यांचं तर उलटंच आहे. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली जमशेटजी टाटांनी, भारतीय भांडवलावर. इंग्रज सरकारने अशा गिरण्यांना काय दिलं? १८९६ पासून भारतीय गिरणीतल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी, लँकेशायरच्या मालाला स्पर्धा नको म्हणून. तो कर १९२५ ला उठला.

मनसरचं उदाहरण डोळ्यांत भरतं. रामटेकच्या पायथ्याचं हे गाव, वाकाटकांच्या काळातले मोठे अवशेष तिथे उत्खननात निघाले. त्याच परिसरात १९०० च्या सुमारास मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या, आणि खनिज गाडीत भरून बंदराकडे आणि तिथून परदेशात जाऊ लागलं. रूळ कुठल्या दिशेने भरलेले जात होते, एवढं पाहिलं तरी पुरे.

कायद्याबद्दल थोडक्यात. १८६० ची दंडसंहिता आपण पुढे दीर्घकाळ वापरली, ते मान्य. पण १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदाही त्याच टेबलावरून आला. त्याची कक्षा वाढत गेली आणि इथल्या पारध्यांसारख्या समाजांनाही जन्मतः गुन्हेगार ठरवलं गेलं. आणि १८७८ च्या वन कायद्याने गोंड-कोरकूंना त्यांच्याच रानात चोर केलं. देणग्यांच्या यादीत हे दोन कायदे का नाहीत?

‘५६५ संस्थानं इंग्रजांनी एका धाग्यात ओवली’

हा सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा.

इंग्रजांना गिळता येत होतं तोवर त्यांनी गिळलं. १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, अप्पासाहेब भोसले पुढे परागंदा झाले. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी वारसाविना वारले, आणि डलहौसीने १८५४ ला नागपूरचं राज्य खालसा केलं. वाड्यातली जडजवाहीर लिलावात गेली. हत्ती, घोडे, बैलसुद्धा विकले. बांकाबाई आणि इतर राण्यांच्या तक्रारींना दाद मिळाली नाही. चारच वर्षांनी, १८५८ ला, चांद्याला (आजचं चंद्रपूर) बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदाराला इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून फाशी दिलं.

१८५७ नंतर धोरण फिरलं. उरलेली संस्थानं मुद्दाम जपली, कारण राजे आपल्या बाजूला राहिले तर लोकांना धाकात ठेवणं सोपं. म्हणजे ओवणं राहिलं बाजूला, मणी वेगवेगळे राहतील याची काळजी घेतली. आपलं वऱ्हाडच घ्या. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हा भाग १८५३ पासून इंग्रजांकडे होता, पण मालकी निजामाची. १९०२ ला तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. १९३६ ला निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, हा किताब दिला. नागपूरहून अमरावतीला जाणारा माणूस कागदोपत्री वेगळ्या राजाच्या मुलखात शिरत होता, थेट १९४७ पर्यंत.

आणि जाताना काय केलं? संस्थानांवरचं सार्वभौमत्व संपल्याचं सांगून सगळ्या राजांना मोकळं सोडलं. फाळणी झालेला देश आणि वर साडेपाचशेहून जास्त सुटी संस्थानं, हा तो धागा.

ओवलं कुणी, ते नागपूरने पाहिलेलं आहे. डिसेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल आणि संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन कटकला ओडिशातल्या राजांशी बोलून नागपूरला आले. १५ डिसेंबरला छत्तीसगडच्या संस्थानिकांना इथे बोलावलं होतं. बस्तर, सुरगुजा, रायगड, कांकेर, नांदगाव, खैरागड अशी १४ संस्थानं १ जानेवारी १९४८ पासून मध्य प्रांतात विलीन झाली. एकट्या बस्तरचा विस्तार बघितला तरी ते काम किती मोठं होतं ते ध्यानात येईल. स्वतंत्र देशाचं सरकार तेव्हा चार महिन्यांचं होतं.

‘स्वातंत्र्य इंग्रजांनी थकून दिलं’

महायुद्धाने इंग्लंड खचलं होतं, हे खरं. पण खचलेला मालक सगळ्याच वसाहती एकदम सोडत नाही. जिथे राज्य करणं अशक्य झालंय तिथून आधी निघतो. इथे ते अशक्य कसं झालं?

डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसला चौदा हजारांहून जास्त प्रतिनिधी आले. असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला, चार आण्यांत सभासदत्व ठरलं, गावापर्यंत कमिट्या नेण्याची घटना झाली. वकिलांची सभा त्या अधिवेशनापासून शेतकऱ्याच्या घरापर्यंत गेली. त्याच वर्षी मेअखेरीस नागपुरातच शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली, तरुण बाबासाहेब आंबेडकर तिला हजर होते. परकीय राज्यापासून सुटका आणि घरातल्या अन्यायापासून सुटका, हे दोन्ही प्रश्न एकाच शहरात एकाच वर्षी मोठ्याने विचारले गेले.

१९२३ चा झेंडा सत्याग्रह तर नागपूरच्या रस्त्यावरचाच. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जायला बंदी होती. १ मेपासून रोज सत्याग्रहींची तुकडी निघायची, पोलिस वाटेत धरायचे, दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी. जमनालाल बजाज पकडले गेले, विनोबा तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन सूत्रं हाती घेते झाले. गुजरात, बिहार, तमिळ मुलखातून माणसं रेल्वेने नागपूरला यायची ती अटक व्हायला. दीड हजारांहून जास्त लोक तुरुंगात गेले. १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. एका रस्त्यासाठी इतक्या प्रांतांतली माणसं आत जायला तयार होतात, त्या माणसांना तुम्ही एक देश नाही म्हणता?

मग १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह, बापूजी अणे यांचा. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारहून विनोबांचा वैयक्तिक सत्याग्रह. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात ‘छोडो भारत’चा ठराव. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीला लोक उठले, नंतर चिमूरला जे सैन्य आलं त्याने बायकांवर केलेले अत्याचार दाबले जाऊ नयेत म्हणून प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. तुकडोजी महाराज तुरुंगात होते. नागपुरात त्याच आंदोलनातल्या शंकर महालेला १९ जानेवारी १९४३ ला फाशी दिलं. यातलं कुणी लंडनहून काही ‘मिळायची’ वाट बघत बसलं नव्हतं.

‘देश टिकला तो इंग्रजांच्या पायावर’

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत मतदार होते सुमारे तीन कोटी. मालमत्ता, सारा, शिक्षण बघून मत मिळायचं. १९५१-५२ ला मतदार १७ कोटींवर गेले, अशी कुठलीही अट न घालता, बाईला आणि पुरुषाला सारखं. हा बदल इंग्रजांच्या पायात नव्हता; तो संविधान सभेने केला. त्या सभेत आपल्या भागातले पंजाबराव देशमुख होते, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब.

भाषावार प्रांतांचं तत्त्व काँग्रेसने नागपुरात १९२० ला स्वीकारलं आणि त्याची झळही नागपूरलाच लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, हायकोर्टाचं मुख्य ठाणं जबलपूरला गेलं, इथे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ उरलं. राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ ला वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराने दिलेल्या आश्वासनांवर आजही हिवाळी अधिवेशनात खडाजंगी होते, मोर्चे निघतात, आकडे काढले जातात. यातल्या बऱ्याच तक्रारी रास्त आहेत, असं माझं मत आहे. पण १८५४ ला राज्य गेलं तेव्हा इथल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. १९५६ च्या निर्णयावर भांडायला त्याच्याकडे मत होतं, आमदार होता, आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती.